हेल्मीची किल्ली

आर्ने कांगास गाडीचं दार उघडायचा आणि सीट आपली आपण पुढे सरकायची. चांगली वीतभर. मग वरचा आरसा घूं करत खाली वाकायचा, पाठीशी ऊब सुरू व्हायची आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं यायची: नमस्कार, हेल्मी.

हेल्मीला जाऊन पाच महिने होत आले होते.

उंचीला ती आर्नेच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिच्या मापाच्या जागेत हा आडदांड माणूस गुडघे दुमडून, पोट आत ओढून कसाबसा मावायचा. बाजूचं बटण दाबलं असतं तर सीट मागे गेली असती. ते त्यानं कधी दाबलं नाही. स्वयंपाकघराच्या खणात दुसरी किल्लीही होती, खास त्याच्या नावाची. ती वापरली असती तर गाडीनं त्याला आर्ने म्हणून ओळखलं असतं आणि हेल्मीचं नाव पडद्यावर आलंच नसतं. ती किल्ली गाडी घेतली तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. पिशवी त्यानं फोडली नव्हती.

त्याला किल्लीची गरजच पडली नव्हती, हेही खरं. चाळीस वर्षं त्यानं जंगलातून कागदाच्या गिरणीपर्यंत ओंडक्यांचा ट्रक चालवला. ज्या दिवशी निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन बूट काढले आणि हेल्मीला म्हणाला, “आता आपण चाकाला हात लावणार नाही. तू नेशील तिकडे येणार.”

“मी चर्चला नेईन.”

“चर्चला येईन.”

“माझ्या बहिणीकडे नेईन.”

“त्याचा विचार करू.”

तेव्हापासून हेल्मीच गाडी चालवायची. ही गाडीही तिनंच पसंत केली. विमा कंपनीच्या त्या योजनेतही तिनंच नाव घातलं. गाडीतला कॉम्प्युटर तुमचं चालवणं बघतो, कंपनीला कळवतो, नीट चालवलीत तर हप्त्यात सूट मिळते. त्या सवलतीचं हेल्मीला फारसं नव्हतं. तिला गुणांचं होतं. दर रविवारी ती फोन डोळ्यांजवळ धरून बघायची आणि शाळकरी पोरीसारखी ओरडायची, “आर्ने, शहाण्णव!”

“मी बर्फातून इतके ओंडके ओढले, मला कोणी साधं पासही केलं नाही.”

“तुला नापास करायला तरी कुणी तुझ्या ट्रकमध्ये बसायला हवं होतं ना.”

ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, एका सकाळी ती उठलीच नाही. आर्नेनं कॉफी करून दोनदा हाक मारली होती.

मग पुन्हा चाकाला हात लावावा लागला.

रोज दुपारी तो गाडी घेऊन तळ्यावर जायचा. त्यात वेगळं काही नव्हतं. तिकडे सगळेच जातात. जुन्या धक्क्याजवळ खडी टाकलेली मोकळी जागा आहे, तिथे म्हातारी माणसं गाड्या पाण्याकडे तोंड करून लावतात, इंजिन चालू ठेवतात, काचा बंद ठेवतात आणि बसून राहतात. कोणी पेपर वाचतं, कोणी डुलकी काढतं. अमेरिकेच्या उत्तरेचं हे समुद्राएवढं सुपीरियर तळं कधी काळं असतं, कधी हिरवं, हिवाळ्यात नुसतं पांढरं. गाडी लावताना चाकावरची दोन बोटं उचलायची, शेजारचाही दोन बोटं उचलतो, झाली भेट. कोणी कोणाच्या काचेवर टकटक करत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली असते. कांगास नवराबायकोची जागा गोदामाच्या भिंतीलगत होती, वारा लागत नाही तिथे. चर्चमधल्या बायका रोज बटाटा आणि मांस भरलेल्या पास्ट्या करून विकतात. त्यातली एक घेऊन दोघं अर्धी अर्धी खात.

आता आर्ने तिच्या जागी बसायचा आणि पास्टीची पिशवी आपल्या जुन्या जागेवर ठेवायचा. मग तो बोलायचा.

फार मोठं काही नाही. “रूडीनं परत मिशी ठेवलीय. वाईट दिसते.” “तुझ्या त्या खिडकीतल्या झाडाला पाणी जास्त झालं बहुतेक.” “चर्चमधल्या बायकांनी गोड पाव दिला, वेलची नावाला सुद्धा नव्हती.” कधी नुसतंच, “हेल्मी, आज फार वारा आहे गं.” कधी एखादी अशी गोष्ट, जी त्यानं ती असताना बोलायला हवी होती आणि पुढे बोलू म्हणत राहून गेली होती.

घरी त्याला बोलता यायचं नाही. घर रिकामं होतं, आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. थडग्याशी जाऊन बोलावं तर दफनभूमीचा रस्ता हिवाळ्यात कोणी साफ करत नाही. फाटकापाशीच कमरेएवढा बर्फ. एप्रिल संपेपर्यंत तिथे कोणी जात नाही. राहिली गाडी. सीट तिच्या मापाची, आरसा तिच्या डोळ्यांचा, रेडिओवर तिचं केंद्र. गाडीत ती होती, एवढंच त्याला माहीत होतं. त्याचं कारण त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नाही.

रूडी हा त्याचा जुना दोस्त. गावाबाहेर त्याची शेड आहे, तिथे तो बर्फावर पळवायच्या गाड्या दुरुस्त करतो. पेट्रोल पंपावर आर्नेला त्या सीटवरून उतरताना त्यानं पाहिलं आणि हातातला पाइप तसाच धरून हसत सुटला.

“अरे, सर्कशीतलं अस्वल पण सायकलवर याहून बरं बसतं! सीट मागे घे की लेका.”

“बरा आहे मी.”

“गुडघे कानाला लागलेत तुझे. ऐकू येतं का त्यांना काही?”

“तुझ्यापेक्षा कमी बडबडतात,” म्हणून आर्ने पैसे द्यायला आत गेला.

मार्चमधल्या एका रविवारी मुलीचा फोन आला. कारीन मिनियापोलिसला असते. दर रविवारी फोन करते. आई असताना ती आईशीच बोलायची, आर्ने मागून “माझा नमस्कार सांग” म्हणायचा. आता दोघांनाच बोलावं लागे, आणि दोघांनाही त्याची सवय नव्हती.

“बाबा, आईला शाबासकी आलीय.”

“कसली?”

“विमा कंपनीची. तिची मेल आता माझ्याकडे येते ना. ‘हेल्मी, या महिन्यात तुमचं गाडी चालवणं उत्कृष्ट आहे. अठ्ठ्याण्णव गुण.’” वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आईला अठ्ठ्याण्णव कधी पडले नव्हते.”

आर्नेला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

“तू तिची किल्ली वापरतोस का?”

“हाताशी ती होती.”

“म्हणजे त्यांच्या लेखी अजून आईच गाडी चालवतेय.”

“चालवू दे. चांगली चालवते.”

“बाबा, थट्टा नको. मला नकाशा पण दिसतो. गाडी कुठे जाते त्याचा. रोज तळ्यावर. वादळ होतं, शाळासुद्धा बंद होत्या, त्या दिवशी पण. मला वाटलं गाडी चोरीला गेली.”

आर्ने भिंतीला टेकला. “हे तुला दिसतं?”

“आईनंच मला जोडलं होतं. काही झालं तर कळावं म्हणून.”

“आणि कंपनीला?”

“त्यांना तर दिसणारच. कधी निघालास, कुठे थांबलास, ब्रेक किती जोरात मारलास, पट्टा लावलास का. सगळं जातं तिकडे.” तिचा आवाज खाली आला. “तू तिथे काय करतोस, बाबा?”

“तळं बघतो.”

“इतका वेळ?”

“मोठं आहे तळं.”

ती हसली नाही. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की पोरीला भलतीच भीती वाटली असणार. बायको गेलेला म्हातारा, रोज एकटा पाण्याकाठी. पण परत फोन करून “तसं काही नाही” म्हणावं, तर मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं.

तो कोट घालून गॅरेजमध्ये गेला. गाडीत शिरला. सीट पुढे आली. आरशाच्या वर, छताला, बारीक भोकांची एक जाळी होती. गाडी चालवता चालवता हेल्मी तिथूनच कारीनशी बोलायची. ती जाळी त्यानं हजारदा पाहिली होती. आज पहिल्यांदा जाळी त्याच्याकडे बघत होती.

नमस्कार, हेल्मी, असं पडद्यावर आलं. तो काही न बोलता उतरला.

सोमवारी तो विम्याच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे केशकर्तनालयाच्या शेजारची एक खोली, आणि तिथे डार्लीन एकटी. हेल्मीच्या अंत्यविधीला तिनं दोन मोठी भांडी भरून नूडल्स आणले होते. आर्नेला बघून ती उठून उभी राहिली.

“आर्ने, बसा. मी म्हणतच होते, तुम्ही याल कधीतरी. हेल्मीचं नाव अजून काढलं नाही मी. तुम्ही आल्याशिवाय नको म्हटलं. वरून विचारणा येतेय, पण मी विसरल्याचं सोंग घेतलंय.”

“मला एकच विचारायचंय. ती गाडी ऐकते का?”

“ऐकते म्हणजे?”

“माणूस आत बोलत असला तर.”

डार्लीन त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं, कारण तिनं कुणाशी बोलता असं विचारलं नाही. चष्मा लावून ती कॉम्प्युटरवर वाचायला लागली. बराच वेळ वाचत होती.

“इथे लिहिलंय, गाडीतला आवाज ‘घेतला जाऊ शकतो’. सेवा सुधारण्यासाठी. बटण दाबून तिला काही विचारलं तरच घेत असणार, माझा तरी तसा समज आहे. पण आर्ने, बायबलवर हात ठेवून सांग म्हणाल तर नाही सांगणार. गाडीवाली कंपनी वेगळी, आमची वेगळी. तिकडचं इकडे येतं तेवढंच मला दिसतं.”

“मग बंद करा ते.”

“करते ना.” तिनं दोनचार ठिकाणी बोट दाबलं आणि थबकली. “अवघड झालंय. परवानगी हेल्मीनं दिलीय, तिच्या नावावर आहे. ती मागे घ्यायची तर तिनंच घ्यायला हवी.”

“ती कशी घेणार?”

“नाही ना. मग दुसरा रस्ता म्हणजे गाडीतून तिलाच काढायचं. गाडी विकली त्या दुकानात न्यायची, ते सगळं पुसून गाडी कोरी करून देतात. मग तुम्ही नव्यानं तुमच्या नावावर हो किंवा नाही म्हणायचं.”

“पुसून म्हणजे?”

“नाव, घरचा पत्ता, रेडिओची केंद्रं…”

“सीट?”

“सीट पण. सगळंच.”

आर्नेनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. “सीट राहू दे आणि कान बंद कर, असं नाही होत?”

“तसा पर्यायच नाहीये यात,” डार्लीन म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटल्यासारखं तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. “बघा ना. एक तर सगळं ठेवा, नाही तर सगळं काढा.”

त्या दुपारी तो नेहमीप्रमाणे तळ्यावर गेला. गोदामाच्या भिंतीलगत गाडी लावली. शेजारी वायनो नावाच्या म्हाताऱ्याची हिरवी गाडी होती, त्यानं दोन बोटं उचलली, यानं उचलली. पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली. बर्फ किनाऱ्यापासून सुटायला लागला होता आणि मधे काळ्या पाण्याची चीर दिसत होती. हेल्मी दरवर्षी त्या चिरेची वाट बघायची. पहिल्यांदा दिसली की त्याच्या गुडघ्यावर चापट मारायची.

“हे…” तो म्हणाला, आणि वर जाळी दिसली.

तोंडाला कुलूप लागलं. भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण भिंतीला कान आहेत की नाहीत हेच कळत नसेल तर माणसानं काय करावं? ऐकत असतील असं नाही. नसतील असंही नाही. कुठल्यातरी शहरात कुणीतरी पोरगा कानाला यंत्र लावून बसलाय आणि ‘तुझ्या झाडाला पाणी जास्त झालं’ हे ऐकतोय, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. झाडाचं ऐकलं तर ऐकू दे. पण बाकीचं. जे हेल्मीलाही जिवंतपणी ऐकायला मिळालं नव्हतं ते आधी त्या पोरानं ऐकावं, हे त्याला सोसेना.

त्यानं मनातल्या मनात बोलून बघितलं. ते बोलणं होत नव्हतं, नुसता विचार होता, आणि विचार काय घरीही येतात. एकदा तो खाली उतरला, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला, वाऱ्यात उभं राहून मोठ्यानं म्हणाला, “चीर पडली गं.” वाऱ्यानं शब्द उचलून नेले. हेल्मी तिथे नव्हती. ती मागे गाडीत होती, आणि गाडीत बोलायची सोय नव्हती.

आठवडाभर असंच चाललं. तो जायचा, बसायचा, पास्टी खायचा, यायचा. ऑक्टोबरपासून कितीतरी वाईट दिवस त्यानं काढले होते. पण गाडीत तो एकटा पडला तो या आठवड्यात.

शेवटी शनिवारी सकाळी तो रूडीच्या शेडवर गेला.

“हिचा कान उपटायचाय,” तो म्हणाला.

“कुणाचा? वायनोच्या बायकोचा? मी पण येतो.”

“गाडीचा. ही सगळं बाहेर सांगते. ते बंद करायचं. बाकी कशाला हात न लावता.”

रूडीनं मिशी पुसली. “सांगण्याचं यंत्र वेगळं असतं. त्याला स्वतःचा फ्यूज असणार. बघू.” तो स्टिअरिंगच्या चाकाखाली डोकं घालून पाठीवर पडला. फ्यूजची पेटी उघडली, एक उपसला. वायपर मेले. परत लावला. दुसरा उपसला. आतला दिवा गेला. तिसऱ्याला भोंगा गेला, आणि रूडीनं एक अशी शिवी घातली की शेडमधलं मांजर बाहेर गेलं.

“हे लहान मुलांचे खेळ झाले,” तो उठत म्हणाला. “थांब, बॅटरी सोडवतो. सगळं एकदम मरू दे, मग एकेक करून…”

“बॅटरीला हात लावू नकोस!”

आर्ने एवढ्यानं ओरडला की पाना रूडीच्या हातातून पडला.

“का? काय होतंय?”

“सगळं पुसलं गेलं तर?”

“काय पुसलं जाणार? रेडिओचं केंद्र? ते मी लावून देतो.”

 आर्ने वाकला, पाना उचलला, रूडीच्या टेबलावर नीट जागेवर ठेवला. मग गाडीकडे पाठ करून म्हणाला, “सीट तिची आहे. तिनं लावलेली. दार उघडलं की तिच्या जागी येते. कोणी हलवलेली नाही.”

शेडमधल्या शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. रूडीनं गाडीत डोकावून बघितलं: पुढे सरकलेली ती सीट, खाली वाकलेला आरसा. पेट्रोल पंपावरचं अस्वल त्याला आठवलं असणार. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

“आधी सांगायचं ना, गाढवा,” तो म्हणाला. मग पुतण्याला फोन लावला, जो शहरात याच जातीच्या गाड्या दुरुस्त करतो, आणि ‘हां, हां, खालच्या रांगेत, निळा’ असं बराच वेळ ऐकून घेतलं. पुन्हा पाठीवर पडला.

“सापडला. पण ऐक, त्या यंत्राबरोबर उजव्या बाजूचा, चालकाशेजारचा, स्पीकर पण जातो. एकाच तारेवर आहेत दोन्ही. त्या बाजूला बसणाऱ्याला काही ऐकू येणार नाही.”

आर्नेनं उजव्या सीटकडे बघितलं. तिथे पास्टीचे चार तुकडे सांडलेले होते.

“त्या बाजूला मीच बसायचो,” तो म्हणाला. “काढ.”

निळा फ्यूज रूडीनं त्याच्या तळहातावर ठेवला. नखाएवढा होता.

घरी येऊन कोट काढतोय तोच फोन वाजला.

“बाबा! कुठे आहेस? तू ठीक आहेस ना?”

“घरी आहे. काय झालं?”

“टिंब थांबलंय. नकाशावरचं. रूडीकाकांच्या शेडपाशी. सकाळपासून हलत नाहीये. मी केव्हाची फोन करतेय, मला वाटलं…” ती रडायच्या बेतात होती.

“मीच बंद करायला लावलं ते.”

“का?”

तो खुर्ची ओढून बसला. पोरीला खोटं सांगायची त्याला सवय नव्हती, आणि खरं सांगायचीही नव्हती. “मी तुझ्या आईशी बोलतो,” तो म्हणाला. “गाडीत. तळ्यावर. तेवढंच करतो तिथे. आणि ते तिच्याशिवाय कोणी ऐकू नये असं मला वाटतं. तू सुद्धा नाही.”

 कारीनच्या घरामागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“मला ऐकू नाही यायचं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “मला फक्त टिंब दिसायचं. रोज संध्याकाळी ते टिंब घरी आलं की मी स्वयंपाकाला लागायचे. ते येईपर्यंत मला काही सुचायचं नाही.”

हे त्याला माहीत नव्हतं. इतके दिवस तो एकटा घरी येत होता, आणि तिकडे कुणीतरी त्याच्या घरी येण्याची वाट बघत होतं.

“आता कंपनीला काय वाटेल?” नाक पुसत कारीन म्हणाली. “त्यांना गाडी रूडीकाकांच्या शेडमध्येच दिसत राहणार.”

“वाटेल, हेल्मी रूडीकडे राहायला गेली.”

“बाबा!”

“ती त्या मिशीला राजी व्हायची नाही.”

आता ती हसली. रडत रडत, पण हसली. हेल्मीसारखी, आधी नाकातून.

“सोमवारी डार्लीनकडे जाऊन आईचं नाव काढायला सांगतो,” तो म्हणाला. “त्यांच्या कागदावरून. आणि तुला दोन घंट्या देत जाईन.”

“कसल्या?”

“गिरणीत पोचलो की मी घरी फोन लावायचो. दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवायचा. तुझी आई उचलायची नाही. उचललं की पैसे पडायचे. दोन घंट्या म्हणजे पोचलो.”

“मला आठवतंय ते!” कारीन म्हणाली. “मी उचलायला धावायचे आणि आई ओरडायची, नको, बाबा आहे तो.”

दुपारी तो तळ्यावर गेला. दार उघडलं, सीट पुढे आली, आरसा वाकला. नमस्कार, हेल्मी. ते गेलं नव्हतं. रेडिओवर तिच्या केंद्राचं गाणं लागलं, ते तिच्या बाजूनंच येत होतं. उजवीकडे काही नव्हतं. वायनोनं बोटं उचलली. यानं उचलली.

चीर चांगली रुंद झाली होती. पाणी दिसत होतं, खरं हलणारं पाणी.

आर्नेनं वर जाळीकडे बघितलं. आता ती नुसती जाळी होती, निदान तसं मानायला हरकत नव्हती. तरी सुरुवात जमेना. आठवडाभर न बोललेल्या माणसाशी बोलताना होतं तसं झालं. गाणं संपलं, बातम्या लागल्या, त्याही संपल्या.

“चीर पडली गं,” तो शेवटी म्हणाला. “सोमवारीच सांगणार होतो. पण मधे जरा लोक होते.”

मग तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याचं तो जाणे.

परतला तेव्हा उजेड उतरत होता. अंगणात बूट आपटून बर्फ झटकला. आत येऊन कोट न काढताच फोन लावला. एक घंटा वाजली. दुसरी वाजली. तिसरी वाजायच्या आत त्यानं ठेवून दिला.

पूर्वी शनिवारी या दोन घंट्या ऐकल्या की हेल्मी उठून घरामागच्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत लाकडं सारायची. तो रस्ता कापून घरी येईपर्यंत दगड तापलेले असत. खिडकीतून त्याला सौनाचं धुराडं दिसलं. त्यावर सबंध हिवाळ्याचा बर्फ बसला होता. आता दूर मिनियापोलिसमध्ये कारीन स्वयंपाकाला लागली असेल. इथे कुणी उठलं नाही.

“पोचलो,” आर्ने मोठ्यानं म्हणाला. घरानं ते नेहमीसारखं त्यालाच परत दिलं.

त्यानं हेल्मीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि भट्टीसाठी लाकडं आणायला बाहेर गेला.